फोमच्या उलांडीवरचं फायबर सुटतंय. ऊन कारण, की आणखी काही?

खाडीकाठचो

नमस्कार मंडळी. देवबागहून लिहितोय. घरची एक जुनी होडी आहे, कर्लीच्या खाडीत कुर्ल्यांसाठी आणि कधी पाहुण्यांना फिरवायला वापरतो. तिची उलांडी पांगाऱ्याची होती. घाटावरच्या लोकांसाठी सांगतो: उलांडी म्हणजे होडीच्या एका अंगाला आडव्या काठ्यांवर बांधलेला लांबट ओंडका, होडी कलंडू नये म्हणून. पांगारा हलका असतो खरा, पण आमच्याला किडा लागला आणि पाणी पिऊन पिऊन तो शिशासारखा झाला. तेवढ्या लांबीचं सरळ खोड आता सहज मिळत नाही. म्हणून फोमची उलांडी करायची ठरवली.

निळा एक्सपीएस फोम घेतला, स्लॅबवर उष्णता अडवायला घालतात तो. सव्वा मीटर बाय साठ सेंमीच्या शीट, जाडी ५० मिमी. २० सेंमी रुंदीच्या पट्ट्या कापल्या, चार थर एकावर एक, सांधे मागेपुढे ठेवून पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवले. एकूण लांबी तीन मीटर. खालची बाजू आणि दोन्ही टोकं हॅक्सॉ ब्लेड आणि पॉलिश पेपरने गोल केली. वरची बाजू मुद्दाम सपाट ठेवली, काठ्या नीट बसाव्यात म्हणून. त्यावर आधी ३०० ग्रॅमची मॅट (काचेच्या सुट्या तुकड्यांची), मग २०० ग्रॅमचं विणलेलं काचेचं कापड, दोन्ही इपॉक्सीत. रेझिन आणि हार्डनर कोल्हापूरहून आणलं, प्रमाण वजनाने १०० ला १०, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजून. मॅट काही केल्या पारदर्शक होईना, पांढरीची पांढरीच, म्हणून तिथे रेझिन जास्त ओतलं. वरून काळा ऑइलपेंट, होडी काळी आहे म्हणून.

फेब्रुवारीत पाण्यात घातली. एका हाताने उचलून न्यावी इतकी हलकी, वडील खूश. एप्रिलच्या शेवटी वरच्या बाजूला फुगे यायला लागले. पहिला तळहाताएवढा होता, मग दोन एकमेकांना मिळाले, आता हातभर लांबीची पट्टी सुटल्यासारखी वाटते. सकाळी बसलेली असते, दुपारी टम्म. दाबली की खाली जाते, सोडली की वर. खालची बाजू एकदम ठणठणीत.

माका वाटता उन्हाचाच प्रताप. पण मग फोमच्या एवढ्या वस्तू लोक उन्हात वापरतात त्या कशा टिकतात? आणि सिरिंजने आत रेझिन सोडून वर वजन ठेवलं तर बसेल का?

नळवाला_संगमेश्वर

भावा, एवढा खटाटोप कशाला? चार इंची पीव्हीसी पाईप घे, दोन्ही टोकांना कॅप, सोल्युशन लावून बंद. ना फुगे ना फायबर.

मिरकरवाडा_फायबर

इपॉक्सीच्या नादाला लागलास म्हणून हे झालं. आमच्याकडे लाकडी होड्यांना सर्रास फायबर मारतो, जीपी (साधं पॉलिएस्टर) रेझिन, मॅटचे दोन थर, एका दुपारचं काम. सगळं खरवडून काढ आणि पॉलिएस्टर मार. निम्म्या खर्चात होईल.

फायबरताई

अरे थांबा थांबा. मिरकरवाड्याच्या भावांचं ऐकलंस तर तुझा फोमच उरणार नाही.

भाऊ, तुमचा हात लाकडावर आणि साच्यावर बसलाय, तिथे तुम्ही म्हणता ते बरोबर. पण हा निळा फोम म्हणजे पॉलिस्टायरीन. पॉलिएस्टर रेझिन पातळ राहतं ते त्यातल्या स्टायरीनमुळे, आणि स्टायरीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. थर्माकोलचंही तेच, दोघं सख्खे भाऊ. खात्री करायची तर एका तुकड्यावर चमचाभर ओता आणि चहा पिऊन या, तिथे खड्डा असेल. काही जण आधी इपॉक्सीचा एक हात मारून मग वरून पॉलिएस्टर मारतात. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी स्टायरीन तिथून आत जातं. वरून कवच शाबूत दिसतं आणि आत ढोली होते. पॉलिएस्टरच वापरायचं असेल तर फोम पीयूचा (पॉलियुरेथेनचा) नाहीतर पीव्हीसीचा हवा. यूट्यूबवर सर्फबोर्डवर पॉलिएस्टर ओततात, तो आतला फोम पीयूचा असतो. ते बघून लोक थर्माकोलवर ओततात आणि मग आमच्यासारख्यांना विचारायला येतात.

आता खाडीकाठच्या भावा, तुझ्याकडे वळते. मी मूळची कुडाळची, वेर्ण्याला लॅमिनेशनमध्ये उभं आयुष्य काढलं. होड्यांचे हल, पवनचक्कीची टोपणं, टाक्या, काय नाही केलं. सुटलेला माल परत आला की साहेब लोक वरून बघायचे आणि ऊन, पाणी, गिऱ्हाईक, कुणाला तरी दोष देऊन मोकळे. आम्ही बायका साल उलटी करायचो. सुटलेल्या फायबरची पाठ सगळं सांगते.

पाठीवर फोमचा चुरा सगळीकडे घट्ट चिकटलेला असेल तर तुझं चिकटवणं चांगलं होतं, फोमच फाटला. मग फोम हलका पडला, नाहीतर एका जागी भार फार आला. पाठ जर गुळगुळीत, चकचकीत, नखाला काही लागत नाही अशी निघाली, तर ते कधी चिकटलंच नव्हतं, नुसतं टेकलं होतं. ऊन तिथे फक्त पाव्हणा म्हणून येतं आणि उचलून दाखवतं. आणि तिसरा प्रकार, मॅट फोमला धरून बसलीय आणि वरचं कापड मॅटपासून सुटलंय. त्याची गोष्ट वेगळी.

तेव्हा सिरिंज आत्ता बाजूला ठेव. फुग्याच्या मधोमध ब्लेडने काटकोनात काप दे, कोपरा उचल आणि पाठ बघ. मग एक रुपयाचं नाणं घे आणि उलांडीवर सगळीकडे ठोकत जा. चिकटलेल्या जागी टकटक वाजेल, सुटलेल्या जागी डबडब. डबडब संपते तिथे खडूने रेघ मार. डोळ्याला दिसतो त्यापेक्षा सुटलेला भाग नेहमी मोठा निघतो. आणखी एक. दोन थरांच्या सांध्यात सुरीचं टोक घालून फेव्हिकॉल वाळलाय का ते बघ. माझी पैज आहे, मधोमध ओला असणार.

पाईपवाल्या दादा, ११० मिमीच्या तीन मीटर पाईपमध्ये जेमतेम २८ लिटर जागा होते. याची आताची उलांडी टोकं निमुळती धरूनही ऐंशीच्या पुढे आहे. तीन पाईप बांधावे लागतील. बांध म्हणावं, पण मग ती उलांडी राहत नाही, पालखी होते.

खाडीकाठचो

ताई, पैज जिंकलात. सुरी घातली तर आतून पांढरं दूध आलं. तीन महिन्यांनी! कडेचं दोन-तीन बोटं वाळलंय, आत तसंच.

सालीची पाठ सांगतो. वरच्या सपाट बाजूवर चकचकीत, तुम्ही म्हणालात तशीच. फोमवर शीटच्या छपाईची अक्षरं होती ती उलटी होऊन सालीवर वाचता येतायत, एवढी स्वच्छ सुटलीय. पण साल ओढत कडेला आणली, जिथून गोलाई सुरू होते, तिथे ओढता ओढवेना. ओढलीच तर फोमचे निळे लचके घेऊन निघते. मॅटची फुलं अजून पांढरी, नखाने उचकटली तर सुटे धागे निघतात.

नाणं ठोकलं. वरची जवळजवळ सगळी सपाट पट्टी डबडब. खाली सगळीकडे टकटक.

फायबरताई

मग उत्तर तूच दिलंस की. वरची बाजू सुटली ती ती वर आहे म्हणून नाही. ती कारखान्यातून आलेली मूळ बाजू आहे म्हणून. खालची तू घासलीस, वरची तशीच ठेवलीस. एक्सपीएसची शीट यंत्रातून निघते तेव्हा तिच्यावर एक दाट, गुळगुळीत कातडी तयार होते. पाणी आत जाऊ नये म्हणून इमारतवाल्यांना ती हवीच असते. पण रेझिनला धरायला तिथे काही नसतं. छपाईची अक्षरं सालीवर आली यावरूनच कळतं.

ती कातडी पूर्ण काढायची. हॅक्सॉ ब्लेड दोन्ही हातांत आडवं धरून ओढत गेलास की पापुद्रे निघतात. मग ४० किंवा ६० नंबरचा पॉलिश पेपर. १२० ने घासू नकोस, तो फोमला उलट गुळगुळीत करतो. हात फिरवला की मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागायला हवं. त्यावर मी आणखी एक करते. फळीवर बारीक खिळे सेंटीमीटरभर अंतरावर ठोकायचे, टोकं तीनेक मिलिमीटर बाहेर काढायची, आणि ती फळी फोमवर दाबत जायची. त्या भोकांत रेझिन उतरतं आणि त्याचे खुंट होतात. मग भुसा. ब्रशने झाड, व्हॅक्युम असेल तर व्हॅक्युमने ओढ. ओल्या फडक्याने पुसायचं नाही, आणि थिनर किंवा ॲसिटोनने तर नाहीच नाही, फोम वितळेल. घासल्यावर तळहातही फिरवू नकोस, तू सकाळी डोक्याला तेल लावलेलं असतंस.

आता मॅट. मॅटमधले तुकडे एकत्र धरून ठेवायला जो डिंक असतो तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, म्हणून पॉलिएस्टरमध्ये मॅट लगेच लोळागोळा होऊन अंगाला बसते. इपॉक्सीत स्टायरीन नाही. साधारण बाजारातल्या मॅटचा डिंक तसाच राहतो, मॅट ताठ राहते, धागे कोरडे राहतात. तू रेझिन ओतत गेलास, ते धाग्यांत न जाता खाली तळी करून बसलं. इपॉक्सी असलं की मॅट नाही, विणलेलं कापडच. २०० ग्रॅमचे दोन थर घे. खाली वाळूवर घासतं तिथे तिसरी पट्टी.

फेव्हिकॉलचं कारण साधं आहे. तो पाणी उडून वाळतो. लाकूड पाणी शोषतं, फोम शोषत नाही, दोन शीटच्या मधून ते जाणार कुठे? इपॉक्सीत मायक्रोबलून (काचेच्या पोकळ गोळ्यांची हलकी पूड) घालून पेस्ट कर आणि तिने चिकटव. सांध्याच्या कडेपासून बोटभर आतच लाव, नाहीतर घासताना तिथे टणक रेघ वर राहते आणि दोन्ही बाजूंचा फोम खाली जातो.

कापड घालायच्या आधी फोमला स्लरी द्यायची. रेझिन-हार्डनर मिसळून झालं की त्यात तेवढ्याच मापाचे मायक्रोबलून, दाट बासुंदीइतपत. रबरी पट्टीने फोमवर ओढ, उघडी छिद्रं भरू दे, जास्तीची परत खरवडून काढ. नुसतं रेझिन लावलंस तर घासून उघडी पडलेली छिद्रं ते पितात, वरचं कापड कोरडं पडतं आणि वजन वाढतं. स्लरी ओली असतानाच कापड टाकायचं. काही लोक भिंतीची पुट्टी फासून सगळं गुळगुळीत करून मग फायबर मारतात. दिसायला छान. पण मग तुझं कापड फोमला नाही, पुट्टीला चिकटलेलं असतं, आणि पुट्टी भुसभुशीत.

कडा अंगठ्याएवढ्या तरी गोल कर. काचेचं कापड काटकोनात वळत नाही, कोपऱ्याशी अधांतरी राहतं, खाली हवा अडकते, आणि सुटायला तिथूनच सुरुवात होते. वरचं कापड खाली आणि खालचं वर, पाच सेंमी तरी एकमेकांवर यायला हवं.

हार्डनरचं प्रमाण मोजून घेतलंस हे लाख मोलाचं. पॉलिएस्टरवाले थंडीत कॅटॅलिस्ट दोन थेंब जास्त टाकतात आणि चालून जातं. इपॉक्सीत हार्डनर जास्त टाकला म्हणून काम लवकर होत नाही, माल फक्त चिवट आणि मऊ राहतो. एका वेळी २०० ग्रॅमच्या वर मिसळू नकोस, आणि मिसळलं की पसरट ताटलीत ओत. मगमध्ये ठेवलंस तर मे महिन्यात हातात धूर निघेल. आणि हातमोजे, रोज, न चुकता. हार्डनरची ॲलर्जी एकदा लागली की आयुष्यभर सोडत नाही, आमच्या सेक्शनमधल्या दोघी त्यापायी घरी बसल्या.

विमानवेडा_कोथरूड

ताईंचं लिखाण वाचून मजा आली. मी रिमोटवरची छोटी विमानं करतो, पाण्यावर उतरणारी सुद्धा, त्यांचे फ्लोट याच निळ्या फोमचे.

उन्हाचा जोर किती असतो याचा हिशेब करून बघितला. समजा फुग्याखाली अडकलेली हवा सकाळी २५ अंशाला आहे आणि काळ्या रंगाखाली दुपारी ६५ अंशाला गेली. जागा वाढली नाही तर दाब साधारण १३ टक्क्यांनी चढतो. ऐकायला किरकोळ. पण १० बाय १० सेंमीच्या तुकड्यावर तो जवळपास १४ किलो भरतो, म्हणजे तळहाताएवढ्या जागेखाली सिमेंटच्या पोत्याचा पाव हिस्सा वर ढकलतोय. त्यात साध्या हवेत सुकलेलं इपॉक्सी ५०-६० अंशाच्या आसपास नरम पडायला लागतं. भार वाढतो तेव्हाच पकड ढिली होते. खाली हवा अडकलेलीच नसेल, फायबर सगळीकडे धरलेलं असेल, तर ढकलायला सुरुवात करायला जागा सापडत नाही.

म्हणून काळा रंग नको. अमेरिकन विमान-रचनाकार बर्ट रुटान यांचं व्हेरीईझ हे छोटं विमान १९७५ साली उडालं, ते असंच होतं: फोम तापल्या तारेने कापायचा, साच्याशिवाय त्यावरच काच आणि इपॉक्सी. पंखांचा गाभा निळा पॉलिस्टायरीन फोम, घनमीटरला सुमारे ३२ किलोचा, आणि कापडाखाली ताई म्हणतात तीच मायक्रोबलूनची स्लरी. त्या जातीची विमानं बहुतेक पांढरीच दिसतात, त्याचं कारण हेच. होडी काळी असू दे, उलांडी पांढरी कर.

तापल्या तारेने कापणाऱ्यांसाठी एक: तार फार तापली की फोमवर वितळलेली चकाकी राहते. तीही कातडीच. तारेचा वेग असा ठेवा की मागे केसांसारखे बारीक तंतू राहतील.

मांद्रेकर_पॅडल

मी मोरजी-मांद्र्याच्या बाजूला पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायच्या फळ्या) दुरुस्त करतो, भाड्याने द्यायचे असतात ते. सुटलेलं फायबर हेच माझं पोटपाणी, तेव्हा दोन गोष्टी.

आमचे बोर्ड थर्माकोलचे असतात, एक्सपीएसचे नव्हे. थर्माकोलच्या दाण्यादाण्यांमधून हवा सगळीकडे फिरते, म्हणून बोर्डवर एक स्क्रू असतो, व्हेंट. उन्हात ठेवताना उघडायचा, पाण्यात नेताना बंद करायचा. आतली हवा तिथून निघून जाते. खाडीकाठच्या दादांनी हे वाचून उलांडीला भोक पाडू नये. एक्सपीएसची प्रत्येक पेशी बंद, हवा फोममधून फिरतच नाही, भोकातून फक्त पाणी आत जाईल.

दुसरं, थर्माकोलवर काम करणाऱ्यांसाठी वेळ फार महत्त्वाची. शेडच्या पत्र्यावर ऊन चढत असताना रेझिन लावलं की आतली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढत बसते. कितीही रोलर फिरवा, परत येतात. दुपारी चारनंतर सुरू करा. तापमान उतरत असतं, फोम हवा आत ओढतो आणि रेझिनलाही बरोबर ओढतो. फोम आदल्या रात्रीपासून सावलीतच असू द्या.

आणि सगळंच सुटणं चिकटवण्यामुळे नसतं. बोर्डवर लोक उभे राहतात तिथे टाचांचे दोन खळगे पडतात. कापून बघितलं तर सालीच्या पाठीला फोम चिकटलेला, पण खालचा फोम पिचून भुगा. पॅकिंगचा, घनमीटरला १६ किलोचा थर्माकोल घेतला की हे ठरलेलं. २४ ते ३२ किलोचा घ्यायचा आणि उभं राहायच्या जागी कापडाचा एक थर जास्त. उलांडीला हाच प्रश्न दोरी आवळता तिथे येणार. ताई, त्यावर सांगा.

खाडीकाठचो

सगळ्यांचे आभार. मांद्र्याच्या दादांनी दोरीचं काढलं ते बरं झालं. काठ्या बांधतो तिथे दोरी फायबरात रुतलीय, बारीक तडेही दिसतात.

ताई, आता शेवटचं. खालची बाजू चांगली आहे, तर फक्त वरची साल काढून नवीन घालू, की सगळंच नवीन करू? सिरिंजचा नाद सोडलाय. आणि पाऊस तोंडावर आलाय, तो घाई करायला लावतोय.

फायबरताई

सिरिंज सोडलीस ते बरं केलंस. आतली पाठ चकचकीत आहे, तिला घासल्याशिवाय रेझिन सोडलं तर ते तिथेही नुसतं टेकेल. शिवाय आत रेझिन साचलं की तापतं आणि फोम खातं. बोटाएवढा फुगा, तोही खरखरीत फोमवरचा, असेल तर सिरिंज चालते. तुझी तर वीतभर रुंदीची पट्टी आहे.

फेव्हिकॉल ओला नसता तर मी म्हटलं असतं वरचीच साल काढ. पण थर आतून सुटे असतील तर उलांडी लाटेवर वाकताना ते एकमेकांवर घसरणार आणि सगळा ताण सालीवर येणार. नवीन कर. जुनी फेकू नकोस, पाऊसभर माडाच्या बुंध्याशी टाक आणि अधूनमधून नाणं ठोकून बघ, खालची साल कशी टिकते ते कळेल.

घाई मात्र करू नकोस. पावसात इपॉक्सी सुकताना वर चरबट, मेणासारखा थर धरतं. त्यावर दुसरा हात मारलास की तो मघाशी म्हटलं त्या तिसऱ्या प्रकाराने सुटतो, थरापासून थर. तो थिनरने जात नाही. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, मग पूर्ण वाळवून पॉलिश पेपर. कोरड्या दिवसांतही एक हात रात्रभर सुकला असेल तर दुसऱ्याआधी हे कर. त्यापेक्षा बरं म्हणजे पहिला हात चिकचिकीत असतानाच दुसरा मारायचा, अंगठ्याचा ठसा उठतो पण तार येत नाही तेव्हा. मग घासायची गरजच नाही, दोन्ही थर एकजीव होतात.

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सुरू कर. पावसात फोम कापणं, पेस्टने चिकटवणं, घासणं उरकून घे. काचेचं कापड मात्र प्लॅस्टिकमध्ये बांधून घरात वर ठेव, दमट कापड रेझिन नीट पीत नाही.

दोरीच्या जागेचं. जिथे काठी येते तिथे फोममध्ये दोन सेंमी खोल खाच कर आणि मरीन प्लायचा तुकडा इपॉक्सीत बसव, काठीच्या जाडीपेक्षा दोन्ही बाजूंना चार बोटं जास्त लांब. त्यावरून सगळं फायबर जाऊ दे. दोरी खालून जाते तिथेही कापडाच्या तीन पट्ट्या, पहिली लहान, दुसरी मोठी, तिसरी त्याहून मोठी, म्हणजे भार एकदम तुटत नाही. आणि दोरीखाली जुन्या टायरच्या ट्यूबचा पट्टा. स्क्रू, खिळा काही मारू नकोस. मारायचाच झाला तर प्लायपर्यंतच, आणि भोक आधी इपॉक्सीने भरून, मग त्यात नव्याने पाडून.

माल किती लागेल ते सांगते म्हणजे कोल्हापूरला दोनदा जावं लागणार नाही. तुझ्या उलांडीचं अंग दोन चौरस मीटर धर. दोन थरांना कापड सांध्यांसकट पाच मीटर, रुंदी एक मीटर असेल तर. रेझिन कापडाच्या वजनाइतकंच प्यायला हवं. स्लरी, चिकटवणं आणि वरचा भरणीचा हात धरून अडीच-तीन किलो आण. सगळं मिळून उलांडी सात किलोच्या आसपास भरली पाहिजे. दहा भरली तर कुठेतरी रेझिन साचलंय.

झाल्यावर आठवडाभर सावलीत ठेव, मग पांढरा रंग. कच्च्या इपॉक्सीला पहिल्याच दिवशी ऊन दाखवू नकोस.

आणि या सगळ्याच्या आधी, आत्ता, पाऊस यायच्या आत एक काम कर. उरलेल्या फोमचे दोन तुकडे घे. एकाची कातडी ठेव, एकाची काढून खिळ्यांची फळी मार. दोन्हींवर स्लरी आणि कापड, एका बाजूला कापडाचं चार बोटं शेपूट मोकळं सोड. सुकले की काळा रंग देऊन चार दिवस पत्र्यावर उन्हात टाक. मग पक्कडीत शेपूट धरून ओढ आणि दोघांची पाठ इथे दाखव.